वीस वर्षांच्या गाडीला स्टिकर नाकारताना: आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीला खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात लिफ्टशेजारच्या फलकावर तुम्ही लावलेली सूचना मी तीनदा वाचली. एकदा कामावर जाताना, एकदा परत आल्यावर, आणि तिसऱ्यांदा फोटो काढून वर नेऊन बाबांना वाचून दाखवली, कारण त्यांचा विश्वास बसत नव्हता. सूचनेत तीन गोष्टी आहेत. येत्या १ एप्रिलपासून १५ वर्षांहून जुन्या गाड्यांना पार्किंगचे स्टिकर मिळणार नाही. आवारात कुठल्याही वाहनाची दुरुस्ती करता येणार नाही. आणि जी गाडी १५ दिवस जागची हलली नाही ती बेवारस समजून, सभासदाच्या खर्चाने, क्रेन बोलावून उचलली जाईल.

मी सी विंगमध्ये राहते. डाव्या फेंडरवर राखाडी प्रायमर मारलेली काळी ऑक्टाव्हिया आरएस माझी आहे. सूचनेत माझे नाव नाही, पण आवारात पाने घेऊन स्वतःची गाडी खोलणारी मी एकटीच, त्यामुळे ती कोणासाठी आहे हे सगळ्यांना कळले. मी दोनदा लेखी अर्ज दिला. ‘निर्णय झालाय आता’ एवढेच उत्तर जिन्यात तोंडी मिळाले. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असे लिहिते आहे. कोथरूडमध्ये आपल्यासारख्या जुन्या सोसायट्या पुष्कळ आहेत, पार्किंगची जागा सगळीकडेच कमी आहे, आणि अशी सूचना उद्या आणखी कुठल्या फलकावर लागेल तेव्हा तिथल्या लोकांनाही याचा उपयोग व्हावा.

तुम्हांपैकी बहुतेकांना मी एरवी काका-काकू म्हणते. २०२० च्या टाळेबंदीत सचिवकाकांनी बाबांची रक्तदाबाची औषधे दारात आणून दिली होती, ते मी विसरलेले नाही. माझे भांडण कोणाशी नाही. निर्णय मात्र मला मान्य नाही.

आधी गाडीविषयी, कारण समितीच्या बैठकीत तिचा उल्लेख ‘भंगार’ असा झाला असे मी ऐकले. स्कोडाची ऑक्टाव्हिया आपल्याकडे २००१ मध्ये आली. ती आपल्याच महाराष्ट्रात, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जायची. तिचीच आरएस ही आवृत्ती २००४ मध्ये आली. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, दर सिलिंडरला पाच याप्रमाणे वीस व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती. तेव्हा रस्त्यावरच्या बहुतेक घरगुती सेडान शंभर अश्वशक्तीच्या आसपास घुटमळत होत्या. तरीही ही शर्यतीची गाडी नव्हती. मागे तिघे नीट बसतात, डिकी ५२८ लिटरची, आणि मागचे दार काचेसकट वर उघडते. आई होती तोवर दर गणपतीला आम्ही पाच जण, मखर, दोन पिशव्या नारळ आणि एक मोठी समई घेऊन गुहागरला याच गाडीने गेलो. कुंभार्ली घाटात मागे बसलेल्या माणसाला चढ जाणवत नाही आणि पुढे बसलेल्याला हसू आवरत नाही, अशी ती गाडी आहे.

मी ती २०१६ मध्ये दुसऱ्या मालकाकडून घेतली. बाबा आकुर्डीच्या एका कारखान्यात ३४ वर्षे फिटर होते. मी भोसरीत सुट्या भागांच्या गुणवत्ता तपासणीत काम करते. लोखंड कसे बोलते हे मी घरातच शिकले. पण एवढी जुनी गाडी घरी दुरुस्त करायची असे काही ठरवून घेतली नव्हती. ती वेळ आणली गेली. एका सर्व्हिस सेंटरने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि ‘पार्ट येत नाहीत मॅडम, काढून टाका’ असे सांगून परत दिली. दुसऱ्या ठिकाणी एका सेन्सरसाठी अख्खा संच बदलायचा अंदाज हातात ठेवला. त्यांचे त्यांच्या जागी बरोबर असेल. एवढ्या जुन्या गाडीवर दोन तास बसून मूळ दोष शोधणे कोणाच्या दराला परवडत नाही. मला परवडते, कारण तो माझा रविवार असतो.

एकच प्रसंग सांगते. २०१९ च्या पावसाळ्यात चांदणी चौकाच्या चढावर ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला आणि बझर वाजला. बाबा शेजारी होते. म्हणाले, ‘आधी बंद कर. विचार मागून.’ गाडी ओढून घरी आणली. दोन गॅरेजवाल्यांनी फोनवरच इंजिन गेल्याचे सांगितले. त्या शनिवारी आम्ही गाडी घोड्यांवर, म्हणजे उचललेली गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर, चढवली आणि इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उतरवला. वीसएक बोल्ट, त्यांतले गिअरबॉक्सच्या बाजूचे दोन असे लपलेले की लांब एलन की वाकडी धरून एका वेळी पाव फेरा मिळतो. चेंबर खाली आला तेव्हा आत तेल उपसणाऱ्या नळीच्या तोंडाची जाळी दिसली. दिसली म्हणजे दिसलीच नाही. तिच्यावर डांबरासारखा काळा थर बसला होता. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, शिवणाची सुई घेतली, आणि त्या थराचा एक तुकडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. बोटांत चुरडला तर कोळशासारखा भुगा झाला. टर्बोजवळ तेल फार तापते. आधीच्या मालकाने साधे तेल घातले, तेही बदलायचे दिवस लांबवत. ते तेल वर्षानुवर्षे करपत गेले आणि जाळीवर साठले. पंप ठीक होता, इंजिन ठीक होते. श्वास कोंडला होता फक्त. नवी नळी, नवे सिंथेटिक तेल, चेंबरला सीलंट. ते सुकायला गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी चावी फिरवली तेव्हा दिवा लागला आणि विझला. बाबा काही बोलले नाहीत, नुसते खुर्ची घेऊन बोनेटजवळ बसून राहिले.

तेव्हापासून दर ७,००० किलोमीटरला मी स्वतः तेल बदलते. टायमिंग बेल्ट बदलला आणि त्याबरोबर वॉटर पंपही, कारण या इंजिनाच्या जुन्या पंपाचा पंखा प्लॅस्टिकचा असायचा आणि तो तुटतो. आता धातूचा आहे. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, तेव्हा तो नुसते किलोमीटर पाहून नव्हे, वर्षे मोजूनही बदलावा लागतो. इग्निशन कॉइल, लोअर आर्मचे बुश, पुढचे शॉकअप, सगळे एकेक करून झाले. हेच इंजिन त्या काळच्या पसाट आणि ऑडीच्या काही मॉडेलांतही होते, त्यामुळे पार्ट नंबर नीट जुळवला तर वस्तू मिळते. त्यासाठी नाना पेठेत चिठ्ठी घेऊन पाच दुकाने पालथी घालावी लागतात. कधी रविवारी जुन्या बाजारात एखादा आतल्या ट्रिमचा तुकडा सापडतो. हे सगळे इतक्या विस्ताराने सांगते आहे ते एवढ्यासाठीच की तुम्ही ज्या गाडीला स्टिकर नाकारता आहात तिची काळजी रोजच्या रोज कोणीतरी घेते आहे.

आता माझ्या तक्रारी.

१५ वर्षांची मर्यादा तुम्ही कुठून आणली, हे मला कळलेले नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षे चालते आणि नंतर पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. १५ वर्षांनंतर गाडी बाद होते, असे त्यात कुठेही नाही. दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशात १५ वर्षांच्या पेट्रोल आणि १० वर्षांच्या डिझेल गाड्यांवर जी बंदी आली ती तिथल्या हवेसाठी, हरित लवादाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी आली. ती पुण्याला लागू नाही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी पुढे चालू न ठेवण्याचा नियम आहे, पण तो सरकारी वाहनांचा. २०२१ च्या भंगार धोरणातही खासगी गाडी वयावर मोडीत काढा असे म्हटलेले नाही, तपासणीत नापास झाली तर, असे म्हटले आहे. तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या तीन गोष्टी एकत्र होऊन आपल्या फलकावर आल्या असाव्यात.

माझ्या गाडीची नोंदणी नोव्हेंबर २००५ ची. नोव्हेंबर २०२० मध्ये पहिले नूतनीकरण झाले, दुसरे गेल्या नोव्हेंबरात. २० वर्षे ओलांडलेल्या मोटारीसाठी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये हे शुल्क ५,००० वरून १०,००० रुपये केले. मी ते भरले. पर्यावरण कर वेगळा भरला. नूतनीकरणाचा अर्ज, नमुना २५, भरला, रजा टाकून गाडी तपासणीला नेली. तिथे निरीक्षकांनी चासी नंबर प्रत्यक्ष पाहिला, त्याचा पेन्सिलीने छाप घेतला, दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक, टायर पाहिले. माझी नोंदणी आता नोव्हेंबर २०३० पर्यंत आहे. ज्या शासनाने ही गाडी रस्त्यावर चालवायला मला पाच वर्षांची परवानगी दिली, त्याच शासनाच्या कायद्याखाली नोंदलेली आपली संस्था तीच गाडी स्वतःच्या जागेत लावायला मला मनाई करते, हे मी कसे मान्य करू?

वयाचाच विषय काढला आहे तर आपल्या इमारतीचेही बोलू. ती १९९१ ची आहे. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे, असे उपविधी सांगतात आणि तुम्ही ते वेळच्या वेळी करून घेता, याबद्दल मला आदर आहे. मागच्या ऑडिटमध्ये दोन कॉलम कमकुवत निघाले, आपण वर्गणी काढून त्यांची दुरुस्ती केली आणि आज सगळे सुखाने राहतो. इमारतीची तपासणी केली, दोष सापडला, तो दुरुस्त केला. गाडीच्या बाबतीत मी याहून वेगळे काय करते?

दुरुस्तीवरच्या बंदीबद्दल लिहिताना मला माझी चूक आधी सांगितली पाहिजे. गेल्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास पसरला होता. तो माझ्याच गाडीचा होता. बी विंगमधल्या वहिनी लहान बाळाला घेऊन खाली आल्या होत्या, त्या घाबरल्या, आणि त्यांची तक्रार शंभर टक्के योग्य होती. टाकीकडून येणारी नळी आणि इंजिनावरची इंधनाची रेल यांना जोडणारा हातभर रबरी पाइप मी त्या दिवशी काढून पाहत होते. तो बोटांत वाकवला की वरच्या कडेला केसासारख्या भेगा उमटत होत्या, आणि सोडला की पुन्हा मिटत होत्या. नुसता डोळ्यांनी पाहिला असता तर चांगला वाटला असता. वाकवला म्हणूनच कळले. दोष एकट्या इथेनॉलचा होता, असे मी म्हणणार नाही, रबर वीस वर्षांचे होते. पण ही गाडी बनली तेव्हा पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल नव्हते आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळते. जुन्या काही गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतील, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच त्याच ऑगस्टमध्ये म्हटले. मी तेच करत होते. इथेनॉल सोसणारा अस्तराचा पाइप आणला होता, नव्या क्लिप आणल्या होत्या. चूक ही झाली की पाइप सोडण्याआधी त्यातला दाब नीट उतरवला नाही, आणि हे काम मी बंदिस्त पार्किंगमध्ये, लोक येण्याजाण्याच्या वेळी केले. पाऊण कप पेट्रोल फरशीवर सांडले. मी माती टाकली, पुसून काढले, रात्री अकरापर्यंत तिथे थांबले. दुसऱ्या दिवशी वहिनींकडे जाऊन माफी मागितली. पुढचे काम मी ओळखीच्या एका उघड्या शेडमध्ये नेऊन पूर्ण केले. इंधनाचे कुठलेही काम आवारात पुन्हा करणार नाही, हे मी तेव्हाच लेखी दिले आहे. तो कागद तुमच्या फायलीत असेल.

पण त्या एका संध्याकाळीवरून तुम्ही तेल बदलणे, ब्रेक पॅड बदलणे, बॅटरीचे टर्मिनल साफ करणे, वायपर बसवणे, सगळ्यालाच मनाई केलीत. सूचनेतली भाषा इतकी सरसकट आहे की पंक्चर झालेले चाक बदलणेही तिच्यात बसते. भेग गेलेला पाइप मी पाहिला म्हणून सापडला. बोनेट उघडायचीच बंदी असती तर तो पाइप तसाच राहिला असता आणि गाडी रोज तुमच्या-आमच्या गाड्यांच्या मध्ये उभी राहिली असती. आवाराच्या सुरक्षेच्या दृष्टीने यातले काय बरे, याचा समितीने शांतपणे विचार करावा.

माझ्या कामाने फरशी खराब होते, असे म्हटले गेले. माझ्या जागेखाली पत्र्याचा ट्रे असतो. जुने तेल मी डब्यात भरून गॅरेजमध्ये देते, ते गटारात किंवा बागेत कधीही गेलेले नाही. फरशीवरचे जे डाग कायम दाखवले जातात त्यांतले दोन माझ्या जागेवर नाहीत. ते कोणाच्या गाडीचे आहेत हे मी इथे लिहिणार नाही, पण ती गाडी चार वर्षांची आहे.

मुलांबद्दलही एक बोलायचे आहे. माझ्या मुलाबरोबर ए विंगमधली दोन मुले रविवारी खाली येतात. त्यांच्या आईवडिलांना समितीकडून फोन गेला की मुलांना तिथे पाठवू नका, धोक्याचे आहे. हा फोन मला न विचारता झाला, याचे मला वाईट वाटले. त्या मुलांपैकी कोणीही कधी गाडीखाली गेलेले नाही. गाडी नुसत्या जॅकवर असताना मी स्वतःही खाली जात नाही, घोड्या लावल्याशिवाय नाही, हा बाबांचा नियम आहे. मुले पाने पुसतात, बोल्ट क्रमाने पुठ्ठ्यावर लावून ठेवतात. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला आवळताना टॉर्क रेंचचा ‘टक्’ आवाज आला की तिघेही ‘झाला!’ म्हणून ओरडतात. त्यांतल्या एकाने मला विचारले होते की लांब पान्याने जोर कमी का लागतो. मी त्याला त्याचेच विज्ञानाचे पुस्तक आणायला सांगितले. आता तो येत नाही. जिन्यात भेटला तर मान खाली घालून जातो.

सोसायटीची शोभा जाते, हा आक्षेप मी थोडक्यात घेते. फेंडरवर प्रायमर आहे कारण पेंटर गावी गेला होता आणि मग पावसाने हवेत दमटपणा होता. रंग याच महिन्यात लागेल. गाडीच्या टपावरचा चकाकीचा थर उडाला आहे, तोही त्याच वेळी होईल. रंगकाम बाहेरच्या बूथमध्ये होणार, आवारात नाही.

प्रदूषणाचा मुद्दा मात्र मी टाळणार नाही. धुराच्या सरकारी मानकांप्रमाणे माझी गाडी भारत स्टेज ३ ची आहे. आजच्या भारत स्टेज ६ च्या गाडीइतकी ती स्वच्छ नाही, असा दावा मी कधी केला नाही. म्हणूनच तिची पीयूसी दर सहा महिन्यांनी करावी लागते आणि मी ती करते. तिच्या वर्गाला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आहे. माझ्या शेवटच्या दाखल्यावर आकडा त्याच्या निम्म्याहून कमी आहे, प्रत अर्जाला जोडली होती. वर्षाला ती तीनेक हजार किलोमीटर चालते. भोसरीला मी मेट्रोने आणि बसने जाते. आवारात उभी करून मी इंजिन पाच मिनिटांवर चालू ठेवत नाही, आणि कोणी ठेवत असेल तर, गाडी नवी असो की जुनी, त्याला मनाई करा, माझा पाठिंबा आहे.

तिसरी गोष्ट बेवारस गाड्यांची, आणि ही मला सगळ्यांत जास्त लागली आहे. ती माझ्यापुरती नाही. जुन्या गाडीचा एखादा पार्ट यायला तीन आठवडे लागतात. तोवर गाडी उभी राहते. मालक वरच्या मजल्यावर राहतो, मेंटेनन्स भरतो, विमा चालू आहे, ती बेवारस कशी? आणि बी विंगच्या तळमजल्यावरच्या आजींचे काय? त्यांच्या यजमानांची पांढरी मारुती ८०० गेली पाच वर्षे तिथे उभी आहे. आजी गाडी चालवत नाहीत. दर गुरुवारी ओल्या फडक्याने तिच्या काचा पुसतात. सूचना लागल्यापासून त्यांनी मला दोनदा विचारले, ‘क्रेन खरंच येईल का गं?’ त्या गाडीची कागदपत्रे बहुधा संपली असतील, ती जागाही अडवते, हे खरे. तरी त्यांच्याशी जाऊन बसून बोलायला हवे होते. फलकावरची ओळ वाचून ऐंशी वर्षांच्या बाईने रात्री खिडकीतून खाली पाहत बसावे, अशी वेळ तुम्हांपैकी कोणालाच आणायची नसेल याची मला खात्री आहे.

सरकार ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी देते. त्या गाड्या सजवून निघतात तेव्हा आपण मुलांना खांद्यावर घेऊन बघायला जातो. त्यांतली प्रत्येक गाडी कधीतरी वीस वर्षांची होती, कोणाच्या तरी दारात प्रायमर मारलेली उभी होती, आणि तेव्हा कोणीतरी तिला दुरुस्त करायला जागा दिली होती. माझी आरएस तिथवर जाईल की नाही, मला माहीत नाही. तिला आणखी तीस वर्षे आहेत, मला कदाचित नसतील. पण तिला तिच्या जागेवरून काढायचे कारण तिचे वय असू नये.

माझ्या मागण्या या आहेत.

ही सूचना मागे घ्या, किंवा निदान १ एप्रिलच्या आत तिची अंमलबजावणी थांबवा. पार्किंगचे धोरण ठरवणे हा उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेचा अधिकार आहे, समितीच्या बैठकीत हा निर्णय होऊ शकत नाही. सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेपर्यंत थांबायचे नसेल तर विशेष सभा बोलवा. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर ती बोलवावीच लागते, पण दारोदार सह्या मागत फिरण्याची वेळ माझ्यावर येऊ नये, अशी विनंती आहे.

स्टिकर देताना गाडीचे वय पाहू नका. चालू नोंदणी, चालू विमा आणि चालू पीयूसी या तीन कागदांवर द्या. हा नियम दोन वर्षांच्या गाडीलाही लावा. आपल्या आवारातल्या किती नव्या गाड्यांची पीयूसी संपली आहे, ते त्या निमित्ताने कळेल.

सभासदाला स्वतःच्या जागेत स्वतःच्या गाडीची किरकोळ देखभाल करू द्या. अटी घाला, मी त्या पाळीन: रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ७, दुपारच्या झोपेच्या वेळेत नाही. वेल्डिंग नाही, स्प्रे पेंटिंग नाही, इंधनाच्या नळ्यांचे काम नाही. खाली ट्रे, जवळ अग्निशामक. सांडलेले त्याच दिवशी साफ, नाही केले तर दंड. गाडी उचलली असेल तर घोड्या लावलेल्या असल्याच पाहिजेत.

उभ्या असलेल्या गाडीबाबत मालकाला लेखी कळवा, ३० दिवस द्या, आणि कारण ऐकून घ्या. बी विंगच्या आजींकडे समितीपैकी दोघांनी जावे. मारुती तिथेच ठेवायची की नातवाकडे न्यायची ते त्यांना ठरवू द्या. न्यायची ठरली तर बॅटरी, टायर आणि ब्रेक पाहून ती सुरू करून देण्याचे काम मी विनामूल्य करीन, त्यासाठी तुम्ही परवानगी द्याल तो रविवार चालेल.

आणि ए विंगच्या त्या दोन मुलांच्या घरी समितीने पुन्हा एक फोन करावा.

येत्या रविवारी दहा वाजता मी खाली असेन. पाने हातात घेणार नाही, सूचना अजून लागू नसली तरी. बोनेट मात्र उघडी असेल, नोंदणीचा, विम्याचा आणि पीयूसीचा कागद पुढच्या काचेवर ठेवलेला असेल, आणि बाबा खुर्ची टाकून शेजारी बसलेले असतील. समितीच्या प्रत्येक सदस्याने खाली येऊन गाडी एकदा पाहावी. ट्रे उचलून फरशी पाहावी. काय विचारायचे ते बाबांना विचारावे, त्यांना थोडे मोठ्याने बोललेले ऐकू येते.

आपली नम्र,
सी विंगमधील एक सभासद
कोथरूड, पुणे